आपल्या सभागृहाच्या जमिनीचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा' असा आग्रह धरला. कारण साधे आहे. मी अनेक वर्षे खजिनदार होतो आणि इतिवृत्तांची जुनी पुस्तके अजून माझ्याच कपाटात आहेत. नोंदणी, भूखंड, बोअरवेल, रस्त्याचा वाद या विषयांवर बाकीची मंडळी लिहीतच आहेत. मी फक्त तळमजल्यावरच्या सभागृहाच्या जमिनीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. पंचवीस वर्षांत या सोसायटीने जे काही शिकले, ते त्या जमिनीने शिकवले. आणि त्यातला एक भाग इतिवृत्तात कुठेच नाही.

सारवणापासून कोब्यापर्यंत

माझे बालपण साकोलीकडच्या एका खेड्यात गेले. घरची जमीन मातीची, चोपून बसवलेली, शेणाने सारवलेली. खड्डा पडला की आई माती-शेण कालवून भरायची आणि वरून सारवून टाकायची. दुरुस्तीला ना कोटेशन लागे, ना ठराव. जमीन उंचसखल असायची, पण त्याचे कुणाला काही वाटत नसे.

सपाट जमिनीची खरी गरज घरात नव्हती, बांधीत होती. धानाच्या बांधीत चिखलणी झाली की वडील पाणी सोडून उभे राहत. पाण्यातून जिथे माती वर दिसे तो भाग उंच. जिथे पाणी खोल तिथे रोवणीची रोपे बुडून सडायची. मग फळी फिरवून उंचावरची माती खोलात ओढायची. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी इथे तलाव बांधले, पाट काढले, तेही आजच्यासारखी यंत्रे नसताना. पाणी स्वतःच सपाटी शोधते, एवढ्या एका ज्ञानावर त्यांनी हे केले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सिमेंट आपल्याकडे उशिरा आले. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले. आपल्या देशात पोरबंदरला उत्पादन सुरू झाले ते १९१४ साली. मुंबईत १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेतून 'भारत टाइल्स' निघाली आणि नक्षीच्या सिमेंट फरश्या श्रीमंत घरांत दिसू लागल्या. आपल्यासारख्यांच्या वाट्याला आली शहाबादी फरशी, नाहीतर कोबा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सिमेंट परवान्यावर मिळे. १९८२ मध्ये अर्धे नियंत्रण उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. घरबांधणीच्या कर्जाची प्रकरणे तपासताना 'सिमेंट मिळाले का?' हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. त्यामुळे ज्याच्या घरात गुळगुळीत कोबा, तो माणूस सुखी, अशी आमच्या पिढीची समजूत.

२००१ : कन्हार

ज्या १९९९ साली आपल्या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच साली आपली सोसायटी नोंदली गेली. २००१ मध्ये सभागृहाचे काम निघाले. पाया खोदताना जी काळी माती निघाली तीच जोत्यात भरायची, म्हणजे मुरूम विकत आणायला नको, असे कंत्राटदाराने सुचवले. आम्हा सगळ्यांना ते शहाणपणाचे वाटले.

कामावर एक वयस्कर गवंडी होते. मी बँकेतून येताना रोज संध्याकाळी तिथे डोकवायचो. ते मला म्हणाले, "साहेब, ही कन्हार आहे जी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हिच्यावर कोबा नोका टाकू."

शेतकऱ्याचा मुलगा असून मी ऐकले नाही. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी ही मातीची नावे मला लहानपणापासून पाठ. कन्हारीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात हे डोळ्यांनी पाहिलेले. पण बँकेत बसून बसून माती म्हणजे सात-बारावरचा एक रकाना झाला होता.

भराव थराथराने टाकायचा, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे, पुन्हा थर टाकायचा, ही पद्धत. आमच्याकडे दोन-तीन ट्रॉल्या एकदम ओतल्या आणि वरून थोडे पाणी मारले. त्यावर काँक्रीट, त्यावर कोबा. कोब्यात चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या बसवतात, त्या आकसण्याच्या भेगा सरळ रेषेत पडाव्यात म्हणून. आमच्याकडे पट्ट्याही वाचवल्या. उद्घाटनाला जमीन आरशासारखी दिसत होती. तीन पावसाळे गेले आणि मधोमध बशीसारखा खोलगट भाग दिसू लागला.

२००६ : काटकसर

२००६ च्या वार्षिक सभेत हा विषय आला. दोन कोटेशने होती. नागपूरच्या एका ठेकेदाराने खचलेला भाग उघडून, माती काढून, मुरूम भरून, नवे काँक्रीट करून, मग पूर्ण जमिनीवर आपोआप सपाट होणारा सिमेंटचा थर द्यायचे सुचवले होते. त्याला ते 'सेल्फ लेव्हलिंग' म्हणत. आम्ही हा शब्द पहिल्यांदा ऐकत होतो. दुसरे कोटेशन गावातल्याच एकाचे : खोलगट भागात सिमेंट-रेतीचा अर्धा इंच गिलावा मारून घोटाई. दोन्हींत फरक एकेचाळीस हजारांचा.

त्या सभेत मोठ्या काकू उठून बोलल्या. सगळी सोसायटी त्यांना काकूच म्हणायची. त्यांचे यजमान माझे स्नेही म्हणून मी वहिनी म्हणायचो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हळदीकुंकवाआधी मीच हा हॉल पुसते. पाणी टाकले की ते कुठे जाते ते बघा. मधल्या खांबाजवळ जाते आणि तिथेच राहते. वरून लिंपून ती जागा वर येणार नाही."

मी हसून म्हणालो, "वहिनी, पैसे झाडाला लागत नाहीत." सभा हसली आणि स्वस्त कोटेशन मंजूर झाले.

इतिवृत्त माझ्यासमोर आहे. त्यात लिहिले आहे : 'खजिनदारांनी दाखवलेल्या काटकसरीबद्दल सभेने त्यांचे अभिनंदन केले.' काकूंचे बोलणे त्यात नाही. सभासद त्यांचे यजमान होते, त्या नव्हत्या. म्हणून ते लिहायचे कारण कुणाला वाटले नाही.

२००८ : जे लिहिले गेले नाही

पातळ गिलावा जुन्या गुळगुळीत कोब्याला धरत नाही. टाचे मारून खरबरीत केले नाही, तर तो नुसता वर बसून राहतो. खालची माती हलत होतीच. दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटले आणि खांबाजवळ बोटभर उंचीची एक कड तयार झाली. आम्ही तिच्यावर सतरंजी टाकली.

२००८ च्या गणपतीत आरतीचे ताट घेऊन येताना त्याच कडेला काकूंचा पाय अडकला. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. नागपूरला ऑपरेशन झाले, पण त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत आणि सभागृहात आल्या नाहीत. दोन वर्षे मात्र गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत. मी भेटायला गेलो तेव्हा मला बोलायला काही सुचेना. त्याच म्हणाल्या, "चहा घ्या भाऊजी. आणि आता तरी पाणी टाकून बघा."

त्या महिन्याच्या इतिवृत्तात मंडपाचा खर्च आहे, वर्गणीची थकबाकी आहे. या प्रसंगाची एक ओळ नाही. त्यांच्या मुलाला विचारून मी हे लिहीत आहे. तो म्हणाला, "काका, लिहा. आईला आवडले असते."

२०१० : पाणी टाकून बघितले

२०१० च्या सुरुवातीला काम हाती घेतले. आपल्याच सोसायटीतली एक मुलगी तेव्हा नागपुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने मला बरोबर घेऊन सगळी तपासणी केली. मी निवृत्तीला टेकलेला अधिकारी आणि ती विद्यार्थिनी, पण त्या आठवड्यात साहेब तीच होती.

पहिल्यांदा सभागृहात पाणी ओतले. ते सरळ मधल्या खांबाकडे गेले. मग तीन मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून खडूने उंच जागी फुली आणि खोल जागी गोल केला. लाकडी दांड्याने ठोकून जिथे पोकळ आवाज आला तिथे वेगळी खूण. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी खाली थेंब धरले, तर जमिनीतून ओल येते असे समजायचे. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर तो कोरडा निघाला.

तिने एक गोष्ट ठासून सांगितली. हा थर जमीन सपाट करतो, मजबूत करत नाही. खालचा भाग हलत असेल तर वर कितीही महाग माल ओता, वर्षभरात तीच भेग वर येईल. म्हणून खचलेला भाग उघडला. नऊ वर्षांपूर्वीची कन्हार बाहेर काढली, मुरूम थराथराने ठोकून भरला, काँक्रीट केले, त्यावर पाणी मारले आणि ते पक्के व्हायला महिनाभर थांबलो. उरलेल्या कोब्यावरचे पापुद्रे, तेलाचे डाग, रंग, सगळे यंत्राने घासून काढले.

आता या मालात असते काय, ते थोडक्यात सांगतो. यात साध्या पोर्टलँड सिमेंटबरोबर अ‍ॅल्युमिनायुक्त सिमेंट असते, जे लवकर पक्के होते. हे फ्रान्समध्ये ज्यूल बिए यांनी शोधले. त्याचे पेटंट १९०८ चे. त्यात बारीक रेती, जिप्सम, चिकटपणासाठी पॉलिमर आणि कमी पाण्यातही मिश्रण पातळ ठेवणारी रसायने असतात. अशी रसायने १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीत तयार झाली. एरवी सिमेंट पातळ करायचे तर पाणी वाढवावे लागते आणि पाणी वाढले की ताकद जाते. या रसायनांमुळे कमी पाण्यातही मिश्रण ताकासारखे वाहू लागले. पुढचे काम बांधीतल्या पाण्याचेच. ते स्वतः सपाटी शोधते.

ओतण्याआधी प्रायमर मारावा लागतो. तो नसेल तर कोरडा कोबा थरातले पाणी शोषून घेतो आणि खालची हवा बुडबुडे होऊन वर येते. वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात. पाणी पिशवीवर छापलेल्या मापानेच घालायचे. आमचे मजूर सवयीने बादली वाकडी करायला गेले, तेव्हा ती मुलगी मापाचे भांडे हातात घेऊन उभी राहिली. जास्त पाणी घातले की वर खडूसारखी भुकटी सुटते. मिश्रण हातात फार तर पंधरा-वीस मिनिटे टिकते, म्हणून माणसे आधीच उभी हवीत : एक कालवणारा, एक ओतणारा, एक पसरवणारा, आणि खिळ्यांचे बूट घालून काटेरी रोलर फिरवणारा एक. आपल्याकडचे ऊन लक्षात घेऊन पहाटे पाचला सुरुवात केली, खिडक्यांना पडदे लावले, पंखे बंद ठेवले. नऊच्या आत ओतणे संपले. दुपारनंतर हलक्या पायाने त्यावर चालता आले.

हा थर टाइलच्या खाली घालायचा वेगळा मिळतो आणि उघडा ठेवायचा, वर्दळ सोसणारा वेगळा. आम्ही दुसरा घेतला. आणखी एक, कारण अलीकडे काही सभासद आपल्या घरी हे काम काढतात : न्हाणीघर, गच्ची, बाल्कनी इथे हा माल आहे तसा ओतू नका. तिथे पाणी वाहून जायला ढाळ लागतो आणि हा माल ढाळच मोडतो. तसेच इमारतीचे जे जोड मुद्दाम ठेवलेले असतात ते बुजवू नका.

काम झाल्यावर मी एक तांब्या पाणी मधल्या खांबाजवळ ओतले. ते चहूकडे सारखे पसरले. मी वर जाऊन काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "बरे झाले. आता सतरंजी धुऊन ठेवा." त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या.

हिशेब

२००६ मध्ये मी एकेचाळीस हजार वाचवले. २०१० मध्ये तेच काम पहिल्या कोटेशनच्या जवळजवळ दुप्पट खर्चात झाले, शिवाय वाया गेलेला गिलावा वेगळा. हा पैशांचा हिशेब मी मांडू शकतो. दुसरा मांडता येत नाही. आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणे तपासताना मी विचारायचो, तारण काय? आपल्या वेळी मात्र मी फक्त आकडा पाहिला, खालची माती पाहिली नाही. दोन माणसांनी मला आधी सांगितले होते. एक गवंडी, एक गृहिणी. दोघांचेही म्हणणे कागदावर आले नाही.

तो थर चौदा वर्षे झाली, तसाच आहे. लहान मुले त्यावर स्केटिंग करतात, रांगोळी सरळ येते, रौप्यमहोत्सवाच्या खुर्च्या डुगडुगणार नाहीत. नव्या कार्यकारिणीला माझी एकच विनंती आहे. सभेत जो कोणी बोलेल, तो सभासद असो वा नसो, त्याचे म्हणणे इतिवृत्तात दोन ओळींत का होईना लिहा. आणि येत्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे : २००६ च्या इतिवृत्तातले माझे अभिनंदन रद्द करावे आणि त्या सभेत काकू काय म्हणाल्या होत्या, त्याची नोंद आता करावी. कृपया अनुमोदन द्यावे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी शुभेच्छा.