एका मिनिटातले श्वास

लहान मुलांना सर्दी-खोकला वर्षातून अनेकदा होतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. थोड्या मुलांत मात्र जंतुसंसर्ग फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. सुरुवातीला दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. मराठी घरांना न्यूमोनिया अनोळखी नव्हता. बाळाला धाप लागून पोट उडू लागले की जाणत्या बायका ‘डब्बा झाला’ म्हणत. लक्षण त्यांनी बरोबर हेरले होते. पण पोट उडेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असे आणि हाताशी उपाय होते ते शेक-लेपाचे. काही भागांत पोटावर डाग देत. मेळघाटातून अशा घटना अजूनही कानावर येतात. त्या वेदनेने आधीच थकलेले मूल आणखी खचते आणि दवाखान्यात जाण्याची वेळ निघून जाते.

डॉक्टरांची भिस्त स्टेथोस्कोप आणि एक्स-रेवर होती. खेड्यात दोन्ही नव्हते. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजले. मिनिटाला पन्नासच्या वर श्वास गेले तर प्रतिजैविक द्यावे, आणि श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर मूल रुग्णालयात न्यावे, असा नियम त्यातून निघाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयाप्रमाणे मर्यादा ठरवल्या: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. मोजणी पूर्ण एक मिनिट आणि मूल शांत असतानाच करायची, कारण रडताना श्वास वाढतोच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे ज्ञान गावातल्या माणसांच्या हाती दिले. प्रशिक्षण घेणाऱ्यांत सुईणीही होत्या. त्यांतल्या अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून मणी आणि मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे यंत्र तयार झाले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. अक्षर न शिकलेल्या बाईला निदान करता येते, ही त्या काळी सहज पटणारी गोष्ट नव्हती. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. या पद्धतीने उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते.

नवजात बाळाचा प्रश्न याहून नाजूक. त्याला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, ते दूध ओढत नाही, रडणे क्षीण होते, हातपाय ढिले पडतात. ‘सर्च’च्या आरोग्यदूतांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन या खुणा टिपल्या आणि गरज पडली तेव्हा इंजेक्शनही दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जातात.

दोन महिन्यांपुढच्या मुलांसाठीही धोक्याच्या खुणा ठरल्या आहेत. मूल काही पीत नसेल, प्यालेले सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर श्वास मोजत न बसता त्याला तडक रुग्णालयात न्यायचे असते.