एक घर, पाच गळे

दरवर्षी जून महिना उजाडला की आपल्या कार्यकारिणीत एक विषय हमखास निघतो. सांस्कृतिक कार्यक्रमात गाणं कुठलं ठेवायचं? ज्येष्ठ मंडळींना नाट्यसंगीत हवं असतं, मधल्या पिढीला भावगीतं आणि तरुणांना ऑर्केस्ट्रा. इथेच जन्मलेली आपली मुलं विचारतात, 'कर्नाटक संगीताची कचेरी का नको?' गंमत म्हणजे हे चारही पक्ष पुष्कळदा एकाच घरातून आलेले असतात. माझ्याच घरी पाहा. अग्रहारात वाणी विलास मार्केटजवळच्या घरात आम्ही पन्नास वर्षांपूर्वी बिऱ्हाड मांडलं. मुलगी तिथे वीणा शिकली आणि मुलगा गिटार. दोघांत जिवाभावाचं प्रेम, पण एकमेकांच्या संगीताबद्दल दोघं जे बोलत ते इथे छापण्याजोगं नाही!

अशा वेळी कोणी तरी म्हणतंच की, 'आपली मुलं आपल्या गाण्यापासून तुटली.' ही काळजी खोटी नाही. पण ती करण्याआधी आपल्या मिरजेशी, महाराष्ट्राशी आणि या म्हैसूरशीही नातं असलेल्या एका घराची हकीगत सांगावीशी वाटते.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. याच गावावरून किराणा घराणं हे नाव पडलं. तरुणपणी ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोदे दरबारी गायले. तिथे सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी सूर जुळले आणि दोघं बडोदे सोडून निघाली. पुढे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. मी मूळचा मिरजेचा असल्याने ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातली त्यांची कबर आणि उरुसात रात्ररात्र चालणारं गाणं हे माझ्या लहानपणाचाच भाग आहे.

खाँसाहेब म्हैसूर दरबारात वरचेवर येत. 'संगीतरत्न' ही पदवी त्यांना इथेच मिळाली. तो नाल्वडी कृष्णराज वडेयर यांचा काळ. वीणे शेषण्णा, वासुदेवाचार्य यांच्यासारखे थोर कलावंत दरबाराच्या आश्रयाला होते. उत्तरेतला एखादा गवई दक्षिणेत येऊन बिदागी घेऊन परत गेला असता. खाँसाहेबांनी मात्र इथलं गाणं कान देऊन ऐकलं. दक्षिणेतल्या स्वरकल्पनेसारखी सरगम त्यांनी ख्यालात आणली आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती चक्क ध्वनिमुद्रित केली. म्हैसूरच्या वाटेवर ते धारवाडला भावाकडे उतरत. तिथेच त्यांनी कुंदगोळच्या रामभाऊंना, म्हणजे सवाई गंधर्वांना, तालीम दिली. पुढे सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. पुण्याला ज्यांच्या नावाचा महोत्सव १९५३ पासून भरतो त्यांच्या गाण्याची एक वाट आपल्या म्हैसूरच्या रस्त्यावरूनच गेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

खाँसाहेब आणि ताराबाई यांना पाच मुलं. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई आणि सकीनाची सरस्वती. कमलाबाई आणि कृष्णराव ही आणखी दोन भावंडं. बाप दूर गेला, पण त्याचं गाणं पाचही गळ्यांत उरलं. मात्र ते पाचांनी पाच परींनी वापरलं.

थोरले सुरेशबाबू स्वरात बुडून जाणारे. गर्दी गोळा करणं हा त्यांचा पिंड नव्हता. ते मोठे ठरले ते शिष्यांमुळे. बहीण हिराबाईंना त्यांनी शिकवलं, शिवाय माणिक वर्मा आणि प्रभा अत्रेही त्यांच्याकडे शिकल्या. हिराबाईंची रीत वेगळी. भावाच्या तालमीनंतर त्यांनी अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून रागाची संथ बढत घेतली. कुलीन घरच्या बाईने चारचौघांत गाणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. नाटक कंपनी काढून भावंडांसह रंगभूमीवर उभ्या राहिल्या. ख्यालाइतकंच प्रेम त्यांनी नाट्यपदावर आणि भावगीतावर केलं. धाकट्या सरस्वतीबाई, पुढच्या सरस्वती राणे, लहानपणीच नाटकात आल्या आणि नंतर सिनेमाकडेही वळल्या. १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटातलं त्यांचं वीणेचं गाणं देशभर गाजलं.

आता विचार करा. त्या काळी ख्याल गाणाऱ्या घरात नाटकाचं गाणं दुय्यम मानलं जाई आणि सिनेमाचं त्याहून खालचं. एक भाऊ एकांतात राग आळवणारा, एक बहीण नाटक कंपनी चालवणारी, दुसरी सिनेमात गाणारी. आवड इतकी वेगळी असूनही हे घर फुटलं नाही. कारण एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे सुराचा सच्चेपणा. त्यात तडजोड नाही. बाकी ज्याला जे हवं ते त्याने गावं. सुरेशबाबू १९५३ साली गेले. १९६५ च्या सुमारास हिराबाई आणि सरस्वतीबाई या दोघी बहिणींनी एकत्र जुगलबंदी सुरू केली आणि रसिकांनी ती डोक्यावर घेतली. जुगलबंदीत एकीने दुसरीसारखं गायचं नसतं. षड्ज एक धरायचा, राग एक ठेवायचा आणि एकीने सोडलेल्या जागेवरून दुसरीने आपल्या स्वभावाप्रमाणे पुढे जायचं. चार दशकं वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या बहिणींना हे जमलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या पिढीच्या घराघरांत भावंडांची भांडणं झाली ती रेडिओमुळे. (जाता जाता सांगतो, 'आकाशवाणी' हे नाव आपल्या म्हैसूरचंच! प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली इथे आपल्या घरी खाजगी केंद्र सुरू केलं, त्याचं हे नाव.) घरात रेडिओ एक आणि कान पाच-सहा. त्यात १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कडवा अभिमानी. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं आणि देशातल्या तरुणांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. अखेर १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. मंत्र्याचा हुकूमही आवड बदलू शकला नाही, तिथे आईबापांचा काय पाड!

आमच्या घरी दादाला नाट्यसंगीताचं वेड आणि ताईला बिनाका गीतमालेचं. बुधवारी रात्री आठच्या ठोक्याला जुंपायची. शेवटी आईने कायदा केला, बुधवार ताईचा आणि रविवार दादाचा. पण दुसऱ्याच्या वाराला खोलीबाहेर जायचं नाही. दोघंही कुरकुरत बसत. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. दिवसकार्य झाल्यावर ताई ओसरीत बसली होती. बसल्या बसल्या त्याची आवडती पदं एकामागून एक गुणगुणू लागली. एक शब्द चुकला नाही. जन्मभर नाकं मुरडत ऐकलेली ती पदं तिला मुखोद्गत होती!

मला वाटतं, खरी काळजीची गोष्ट इथे आहे. आज प्रत्येकाच्या कानात आपापला हेडफोन असतो. भांडण मिटलं, पण त्याबरोबर दुसऱ्याचं ऐकणंही गेलं. नावडतं गाणं कानावर पडलंच नाही, तर ते उद्या आठवणार कुठून?

आणि मुलं कर्नाटक संगीताकडे गेली म्हणून तुटली, असं तर मुळीच समजू नये. तंजावरच्या मराठी राज्यात एकोणिसाव्या शतकात आपल्या कीर्तनकारांनी जे नेलं, त्यातून दक्षिणेची हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी या आपल्या चाली तिथे आजही गातात. उलट दिशेने पाहा. १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला आणि त्यांच्या पदांत कानडी चाली आल्या. हंसध्वनी राग रामस्वामी दीक्षितारांनी रचला. त्यांच्या मुलाने, मुत्तुस्वामींनी, त्यात 'वातापि गणपतिम्' ही कृती बांधली. तोच राग मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांनी ख्यालात रुजवला. म्हणजे वीणेवर हंसध्वनी वाजवणारी अग्रहारातली मुलगी आणि तोच राग ख्यालात ऐकणारा पुण्यातला तिचा मामा एकाच अंगणात उभे आहेत, फक्त दारं दोन.

म्हणून कार्यकारिणीला माझी एक नम्र सूचना आहे. एक संध्याकाळ फक्त भावंडांसाठी ठेवावी. प्रत्येकाने आपलं आवडतं एक गाणं आणावं, गावं किंवा ऐकवावं. नियम एकच, माझ्या आईचा. दुसऱ्याच्या गाण्याला उठून जायचं नाही.