‘लुओहान’ माशाची नावे व त्याची पारख

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार संकरातून निपजलेल्या प्राण्यास, संकर म्हणून, स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळत नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘फ्लॉवरहॉर्न’ म्हणून विकला जाणारा मासा असाच नामहीन जीव होय. त्याची ओळख सर्वस्वी बाजारातील नावांवर अवलंबून राहते, आणि ग्राहकाची फसगत होते ती बहुधा येथेच.

हा मासा सिक्लिड कुळातील. हे कुळ भारतास नवे नाही. गोव्याचा कालुंदर याच कुळातला असून १७९० मध्ये ब्लॉख या जर्मन पंडिताने त्याच्या शास्त्रीय नावात सुरतेचा निर्देश केला. फ्लॉवरहॉर्नचे पूर्वज मात्र मध्य अमेरिकेतील. १९९० नंतरच्या दशकात मलेशियातील पैदासकारांनी ‘ट्रायमॅक’, ‘रेड डेव्हिल’ इत्यादी जाती आणि तैवानात आधीच निपजलेला ‘ब्लड पॅरट’ हा संकर यांच्या मिश्रणातून तो सिद्ध केला. पुढे संकरांचेही संकर झाले, आणि वंशावळ धूसर होत गेली.

चिनी व्यापाऱ्यांनी त्यास ‘हुआ लुओहान’ म्हटले. ‘हुआ’ म्हणजे फूल. ‘लुओहान’ हे ‘आलुओहान’चे आखूड रूप, आणि तो संस्कृत ‘अर्हत्’चा चिनी उच्चार. माशाच्या कपाळावरील टेंगूळ पाहून चित्रांतील अर्हतांचे उंच कपाळ आठवावे, हे स्वाभाविकच. कान्हेरीच्या शिलालेखांत ज्या कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत, त्याच कल्याणात हा शब्द असा काचेच्या पेटीतून परतला आहे!

पोटप्रकारांची नावेही वर्णनपरच. ‘झेन झू’ म्हणजे मोती: अंगावर चमकदार ठिपके, तांबडे डोळे, आखूड तोंड. ‘कामफा’ हे कँटनी बोलीतील ‘सुवर्णपुष्प’: खोल पांढरे वा पिवळे डोळे, जाड ओठ, पंख्यासारखी शेपटी. ही नावे रूप सांगतात, कूळ सांगत नाहीत. पाच सेंटिमीटरच्या पिलाला ‘कामफा’ म्हणणे हा केवळ अंदाज असतो, कारण कपाळाचे टेंगूळ पुढे, आणि विशेषतः नरातच, वाढते. लहान वयातील भडक रंग संप्रेरकांचाही असू शकतो. तो टिकत नाही. म्हणून नावापेक्षा देह पाहावा: कणा सरळ, डोळे स्वच्छ, काचेशी बोट नेताच पुढे येणारा, अन्न झडप घालून घेणारा. तोंड पुरते मिटत नसेल तर त्यात ‘पॅरट’चे रक्त असण्याचा संभव मोठा. शक्य असल्यास जनकांची जोडी पाहावी. वास्तुदोष निवारण्याची ग्वाही किमतीत मोजू नये.

हा मासा पंचवीस ते तीस सेंटिमीटर वाढतो, दहाएक वर्षे जगतो आणि सोबत्यांस मारतो. त्यास सुमारे तीनशे लिटरची टाकी एकट्यासाठीच लागते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात ही अट नावापेक्षा अधिक निर्णायक ठरावी. अट न पाळणारा मालक अखेरीस तळ्याची वाट धरतो. मलेशिया व सिंगापूर येथील जलाशयांत फ्लॉवरहॉर्न याच मार्गाने शिरला. ठाण्याच्या मासुंद्यासारख्या तळ्यांच्या बाबतीत हा धोका परका नव्हे. याच कुळातील आफ्रिकी तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो येथील पाण्यात इतका रुळला, की मराठी कोळ्यांनी त्यास ‘चिलापी’ हे घरचे नाव दिले.