बाळाचे श्वास मोजायला शिकवणाऱ्यांची गोष्ट

आमची नात नऊ आठवडे आधी जन्मली. मी पुण्याहून डिंकाचे लाडू, अळीव आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी घेऊन सनीव्हेलला पोहोचले, तेव्हा ती काचेच्या पेटीत होती. दुपटी बॅगेतच राहिली. एनआयसीयूत रोज रात्री एक बाई यायच्या, नळ्या तपासायच्या, औषधाची मात्रा ठरवायच्या. आठवडाभर मी त्यांना 'डॉक्टर' म्हणत होते. मग आमचे जावई म्हणाले, "आई, त्या डॉक्टर नाहीत. निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर आहेत."

खरे सांगते, पोटात धस्स झाले. एवढासा जीव, आणि नर्सच्या हाती? मग या बाया शिकतात तरी काय आणि कशा, हे मी शोधू लागले. वेळ भरपूर होता. एनआयसीयूत आजीला वाट पाहण्यावाचून काम नसते.

सुरुवात 1965 साली कोलोरॅडोत झाली. लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. पुढे नवजात बालकांचे विभाग वाढले, तशी या शिक्षणाची एक शाखा त्या पेटीपाशी आली. आज या कामासाठी नर्सिंगची पदव्युत्तर पदवी आणि वर राष्ट्रीय परीक्षा लागते. म्हणजे माझी धास्ती माझ्या अज्ञानातून आलेली होती.

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात काय करायचे, याचा देशभर एकच धडा असावा म्हणून 1987 मध्ये निओनेटल रिससिटेशन प्रोग्रॅम सुरू झाला. त्याच्या पुस्तकाचे मूळ लॉस एंजेलिसच्या चार्ल्स ड्र्यू संस्थेतल्या शिक्षणसाहित्यात आहे. ते करणाऱ्यांत डॉ. रोनाल्ड ब्लूम यांच्याबरोबर कॅथरीन क्रॉपली होत्या, आणि त्या परिचारिका होत्या.

पण पुस्तक वाचून हात चालत नाही. इथे आपल्या गावचा संबंध येतो. सनीव्हेलला लागून मॉफेट फील्ड आहे, तिथले ते अवाढव्य हँगर आपण फ्रीवेवरून रोज पाहतो. तिथल्या नासा एम्सच्या संशोधकांनी 1979 मध्ये विमान अपघातांवर परिषद भरवली. यंत्र बिघडण्यापेक्षा कॉकपिटमधली माणसे एकमेकांशी नीट न बोलल्याने घात होतो, हा तिचा रोख होता. तो विचार स्टॅनफर्डच्या डॉ. डेव्हिड गाबा यांनी भूलशास्त्रात आणला, आणि त्याच स्टॅनफर्डमध्ये डॉ. लुईस हॅलमेक यांनी नवजात बालकांसाठी. खोटे बाळ, खरी प्रसूतीची खोली, खरी घाई. नंतर सगळ्यांनी बसून काय चुकले ते बोलायचे. 2002 मध्ये तिथे त्यासाठी खास केंद्रच उभे राहिले. वैमानिकांची तालीम पाळण्यापर्यंत पोहोचली, तीही आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात!

हे सगळे वाचताना मला मात्र सारखी गडचिरोली आठवत होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्सला शिकून परतले आणि 1986 मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. तिथे बाळे घरीच जन्मत, आणि तिथेच जात. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांची पाहणी झाली. त्यांतल्या सुमारे 54 टक्के बाळांना उपचाराची गरज होती. डॉक्टर मिळाला तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना.

मग शिकवायचे कुणाला? गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना. पहिल्या वर्षी भर पाहण्यावर आणि नोंदीवर: वजन, ताप, श्वास, दूध ओढते का. पुढच्या वर्षी उपचार. बाळ उबदार ठेवायला टोपडे आणि झोपायची पिशवी, श्वास न घेणाऱ्या बाळासाठी आधी नळी-मास्क आणि नंतर पिशवी-मास्क, जंतुदोषाला जेंटामायसिनचे इंजेक्शन. इंजेक्शन डॉक्टरच्याच हाती शोभते, हा आपला जुना दंडक. तो मोडणे सोपे नव्हते.

त्याआधी दाईंसाठी त्यांनी केलेले एक साधन मला फार आवडते. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करायचे? एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पाटी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे सहा मणी मिनिटाच्या आत सरकले, तर धोका. पाठ्यपुस्तक म्हणा, यंत्र म्हणा, सारे त्या पाटीत.

डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने निकाल छापला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्या खाली आले.

कुणी म्हणेल, व्हेंटिलेटर सांभाळणारी पदव्युत्तर नर्स कुठे आणि वाळूचे घड्याळ कुठे. कबूल. एकतीस आठवड्यांच्या आमच्या नातीला मी तरी गडचिरोलीच्या झोपडीत ठेवले नसते. पण त्या झोपडीतल्या आईला निवड कुठे होती?

2011 पासून भारत सरकारने ही घरभेटींची पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा आठवड्यांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात. आशांच्या प्रशिक्षणपुस्तिकांत, सहाव्या आणि सातव्या भागात, गडचिरोलीचे धडे आहेत. आणि एवढे करूनही आशा कागदोपत्री अजून 'स्वयंसेविका'च. पगार नाही, मानधन. इकडे फोर्डबाईंच्या लेकींनी पद आणि अधिकार मिळवले. ही तफावत मला बोचते.

नातीला घरी सोडण्याच्या आदल्या रात्री मी त्या बाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत मण्यांची गोष्ट सांगितली. त्यांना आधी कळेना. मग मी गळ्यातले मंगळसूत्र पुढे धरले, एकेक काळा मणी सरकवला, आणि त्या घड्याळाकडे बघत नातीचे श्वास मोजू लागल्या. चार मणी झाले. पाचवा अर्ध्यावर राहिला.