आज्जीचं बेळगाव

आमचं घर शहापूरचं. आज्जी बाजारला निघाली की म्हणायची, "बेळगावास जाऊन येतो रे बाळ." आम्हा पोरांना हसू यायचं. कपिलेश्वराजवळचं रेल्वे फाटक ओलांडलं की आलंच की बेळगाव! त्याला काय परगाव म्हणायचं?

कारण मोठेपणी कळलं. 1948 पर्यंत शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव 1947 पर्यंत इंग्रजांच्या मुलखात. गावं एकमेकांना चिकटलेली, पण राज्यं दोन. आज्जी खरंच दुसऱ्या राज्यात जाऊन भाजी आणायची.

संस्थान विलीन झालं, आम्ही मुंबई राज्यात आलो. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो. 1973 ला त्याचंच कर्नाटक झालं. घर तेच, गल्ली तीच, राज्याची नावं चार. आज्जीला यातलं कुणी काही विचारलं नाही.

शहापूर-वडगावचे हातमाग जाऊन यंत्रमाग आले. आमच्या घरातला मागही गेला, त्याचा खड्डा बुजवून फरशी घातली. कपिलेश्वराच्या फाटकावर पूल झाला.

परवा नात स्कूटर काढताना म्हणाली, "आजोबा, बेळगावला जाऊन येते." मी हसलो नाही.

शहापूरकरांनो, तुमच्या घरात अजून कोण असं म्हणतं?