दोर की दोघं?

अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. दरी म्हणण्यापेक्षा जमिनीला पडलेली भेग म्हणावं. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाशी धोंड्यांचा खच, आणि काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत इतकी अरुंद. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जानेवारीत तिथे आमच्यातल्या एकाचा घोटा मोडला. तेव्हा आम्ही दिलेला निरोप पोहोचला, पण बदलून पोहोचला.

आमच्याबरोबर परवाना असलेले तिघे हौशी रेडिओवाले होते, म्हणजे हॅम. एक आमच्यासोबत खाली, हातात पाच वॉटचा वॉकीटॉकी. दुसरा तसाच सेट घेऊन दरीच्या तोंडाशी बसलेला. तिसरा साम्रदमध्ये जीपमध्ये, पन्नास वॉटचा सेट आणि टपावर अँटेना. प्रथमोपचाराचं सामान आणि दुसरी गाडी भंडारदऱ्याला, शेंडी गावात. खालून निरोप गेला, "दोर पाठवा." कड्यांवर आपटून, अर्धा तुटून तो तोंडापाशी पोहोचला. तिथल्या मित्राने ऐकलं "दोघं पाठवा", आणि ते त्याने इमानदारीने जीपला सांगितलं. जीपने शेंडीला सांगितलं. तासाभराने दोन तगडी पोरं हात हलवत खाली उतरली. दोर नव्हताच. शेवटी साम्रदच्या एका म्हाताऱ्या बाबांनी घरातला मोटेचा जुना नाडा काढून दिला आणि आमचं काम झालं.

त्या रात्री शेंडीत चहा पिताना मित्र पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अरे, मी तसंच ऐकलं." चूक त्याची नव्हतीच. आम्ही माणसाचा रिपीटर केला होता, आणि माणूस ऐकलेलं पुढे पाठवत नाही, समजलेलं पाठवतो.

मग मी हे सगळं वाचत सुटलो. वाचताना एक गोष्ट सतत समोर येत राहिली: या तंत्राच्या इतिहासात वरून खाली ओरडणं फार लवकर जमलं. अडचण होती ती खालच्या बारक्या आवाजाने वर पोहोचण्याची. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांमध्ये रेडिओ बसवला तेव्हा तो फक्त ऐकायचा होता. मुख्यालय हुकूम सोडणार, गाडीतल्या शिपायाने ऐकायचं आणि काही सांगायचं असेल तर टेलिफोन शोधत फिरायचं. गाडीतून उलट बोलता येऊ लागलं ते १९३३ मध्ये, न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकाच्या हातात मावणारा एससीआर-५३६ आला. वजन दोन किलोच्या वर आणि पल्ला जमिनीवर दीडेक किलोमीटर. पाठीवरचा एससीआर-३०० त्याहून बरा, पाचेक किलोमीटर जायचा, पण पंधरा किलोचं ओझं.

पल्ला वॅटने वाढतो असं आपल्याला वाटतं. व्हीएचएफ लहरींच्या बाबतीत उंचीचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. सपाट मुलखात त्या अँटेनाचं क्षितिज तेवढे किलोमीटर. छातीशी धरलेल्या, दीड मीटरवरच्या सेटचं क्षितिज पाच किलोमीटर. गाडीच्या टपावर, तीन मीटरला, सात. हजार मीटर उंच डोंगरावर थेट एकशे तीस. कळसूबाई याच तालुक्यात आहे, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. तिथून दिसणारा मुलूख ज्याने पाहिलाय त्याला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. आणि सांदणमध्ये क्षितिज म्हणजे समोरचा कडा, हात लांब केला की लागणारा.

गाडीचा फायदा नुसता तीन मीटरचा नसतो. टपाचा पत्रा अँटेनाखाली जमिनीसारखं काम करतो. हातातल्या सेटची ऊर्जा मात्र बरीचशी आपलं शरीरच खातं. गाडीला मोठी बॅटरी असते. आणि मुख्य म्हणजे गाडी जिथे हवी तिथे उभी करता येते, माथ्यावर, वळणावर, दरीच्या जास्तीत जास्त जवळ.

गंमत म्हणजे हा सगळा प्रश्न आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फार आधीपासून ओळखीचा आहे. नगर (आता अहिल्यानगर) रणगाड्यांचं गाव. १९२४ मध्ये ब्रिटिशांच्या टँक कोअरची शाळा इथे होती, स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आकाराला आलं. १९९४ मध्ये उघडलेलं रणगाडा संग्रहालय नगरच्या पोरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. सहलीतली पोरं तोफेवर हात ठेवून फोटो काढतात. मी अलीकडे गेलो तेव्हा अँटेनाच्या बुडख्या शोधत फिरलो. सोबतच्या भाच्याला वाटलं, मामाचं काहीतरी बिघडलंय.

रणगाड्याच्या पोटात रेडिओ म्हणजे चाकांवरचं, खरं तर पट्ट्यांवरचं, आकाशवाणी केंद्रच. महायुद्धातला ब्रिटिश 'नंबर १९' हा सेट एका खोक्यात तीन कामं करायचा: लांबचं बोलणं, जवळच्या रणगाड्यांशी जेमतेम किलोमीटरभराचं बोलणं, आणि आतल्या माणसांचं आपापसातलं बोलणं. पण रणगाड्याबरोबर चालणारा पायदळाचा जवान? त्याचा आवाज लोखंडाच्या आत जायला वाटच नव्हती. मग सेंच्युरियन रणगाड्याच्या मागच्या बाजूला एक टेलिफोनची पेटी बसवली. गोळ्या चालू असताना जवानाने मागे यायचं, फोन उचलायचा आणि आतल्याला सांगायचं की समोर काय आहे. मला ही पेटी फार हृद्य वाटते. एवढं मोठं यंत्र, आणि शेजारी चालणाऱ्या माणसाचं ऐकायला त्याला पाठीमागे कान लावावा लागला.

युद्धानंतरच्या ब्रिटिश 'लार्कस्पर' मालिकेत पुढची पायरी आली. गाडीतले दोन सेट एकमेकांना जोडायचे. एकावर आलेला आवाज दुसऱ्यावरून आपोआप पुढे जाणार. मध्ये समजून घेणारा माणूस नाही. 'दोर' आला तर 'दोर'च जाईल, तुटका आला तर तुटकाच जाईल, आणि ऐकणाऱ्याला निदान कळेल की तुटलंय, पुन्हा विचारावं. भारतीय लष्कराची मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली आणि तिचं केंद्रही नगरलाच आहे. तिथल्या जवानाचा सगळा व्यवहारच चिलखती गाडीतून उतरायचं, पायी लढायचं आणि पुन्हा गाडीत शिरायचं असा.

पोलिसांच्या गाडीतल्या रिपीटरचं तत्त्व हेच. शिपाई इमारतीत शिरतो, हातातला छोटा सेट बाहेर उभ्या गाडीपर्यंत पोहोचतो, गाडी तो आवाज आपल्या ताकदीने मुख्यालयाला देते. ऐकायला सोपं आहे, करायला नाही. एकाच गाडीत एक सेट ऐकतोय आणि दुसरा त्याच क्षणी ओरडतोय. ढोल बडवणाऱ्याला शेजारची कुजबुज ऐकू येईल का? म्हणून दोन्ही लहरी एकमेकींपासून बऱ्याच दूर ठेवाव्या लागतात, नाहीतर मध्ये चांगल्या चाळण्या बसवाव्या लागतात. बॅटरीचं दुखणं वेगळंच. साम्रदला त्या संध्याकाळी आमची जीप सुरूच झाली नाही. दिवसभर सेट आणि वर टपावरचा दिवा; आम्ही आठ जणांनी ढकलली, घोटा मोडलेला आत बसून सूचना देत होता.

सगळ्यात अवघड भाग मात्र मला अनपेक्षित होता. एका ठिकाणी पाच गाड्या आल्या आणि पाचही गाड्या तोच आवाज पुढे पाठवू लागल्या तर नुसता गोंगाट. म्हणून काही यंत्रणांमध्ये गाड्या आपापला नंबर धरतात. जी आधी आली ती बोलणार, बाकीच्या गप्प बसून लक्ष ठेवणार. ती निघून गेली किंवा तिचा सेट बंद पडला, की पुढच्या नंबरची गाडी न सांगता काम उचलते. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो, तसंच हे. वीणा खाली ठेवायची नाही. पहाटे तीनला डोळे मिटू लागले तरी पुढचा गडी येऊन ती गळ्यात घालेपर्यंत उभं राहायचं.

मित्राला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या वेळी सांदणच्या तोंडाशी मी बसणार नाही, सेट बसव. आणि जीपमध्ये दुसरी बॅटरी ठेव. मी विचारलं, दोर? तो म्हणाला, तो तर आता माझ्या सॅकमधून कधीच बाहेर निघत नाही.