गाजरगवत आले कोठून?



रस्त्याच्या कडेला, गावठाणात, एस.टी.च्या थांब्यामागे एक झुडूप आपण रोज पाहता. पान गाजराच्या पानासारखे, फूल बारीक पांढरे. कुणी त्याला गाजरगवत म्हणते, कुणी काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणी. आज ते इतके सवयीचे झाले आहे, की आजा-पणजाच्या तरुणपणी ते आपल्या रानात नव्हते हे सांगूनही पटत नाही. पण ते खरे आहे.

हे झाड मूळचे मेक्सिको आणि वेस्ट इंडिज भागातले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीत त्याचे नाव सापडते. पण ते पसरले नव्हते. पुढे १९५५ मध्ये आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांना पुण्यात उकिरड्यावर याची मोजकी झाडे दिसली. त्यांनी ओळख पटवली आणि १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंद छापली. उकिरड्यावरची ती झाडे त्याच वेळी उपटली गेली असती तर? पण अनोळखी रोपाकडे लक्ष देतो कोण?

परदेशी गव्हाच्या पोत्यांतून बी आले, असे बहुतेक जण सांगतात. मात्र ‘पी.एल. ४८०’चा मोठा करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे झाड दिसल्यानंतर. पण अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता. १९५१ च्या टंचाईत त्यासाठी कर्ज घेतले होते. तेव्हा बी गव्हाबरोबर आले असेल, तर ते आधीच्या गव्हाबरोबर.

मग ते पसरले कसे? एका फुलात पाच बिया, आणि एका झाडाला हजारोंनी बी. वारा, पाटाचे पाणी, गाडीची चाके, शेणखत, चारा, सगळे त्याचे वाहक. सत्तरच्या दशकात पुण्याच्या परिसरात याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटून कातडी सुजलेले रोगी डॉक्टरांकडे येऊ लागले. दम्याचाही त्रास होतो. जनावरांनी खाल्ले तर दूध कडवट लागते.

१९८४ मध्ये बंगलोरला मेक्सिकोचा एक भुंगेरा सोडण्यात आला. पिवळसर पाठीवर काळे पट्टे असलेला हा किडा पावसाळ्यात याची पाने फस्त करतो. दिसला तर मारू नका, तो आपला मित्र आहे. तरी त्याच्यावरच भिस्त ठेवून बसू नका.

ओळख अशी करा. कोवळे रोप जमिनीला चिकटून पसरते, मग दांडा वर येतो. दांड्यावर लव असते. गाजरासारखा कंद खाली नसतो. फूल पाच कोपऱ्यांचे.

पाऊस पडल्यावर, फूल येण्याआधी, हातात मोजे किंवा पिशवी घालून मुळासकट उपटा. फुलाआधीच्या झाडाचे कंपोस्ट चालते. फूल आले असेल तर ते झाड खतात घालू नका, नाहीतर तुमच्याच हाताने बी शेतात जाईल. मोकळ्या जागी टाकळ्याचे बी टाका. टाकळा दाट आला की गाजरगवताला जागा उरत नाही.

आणि बांधावर उद्या एखादे नवेच रोप दिसले, तर फूल येण्याची वाट पाहू नका. फांदी घेऊन कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला दाखवा. पुण्याच्या उकिरड्यावरही सुरुवात मोजक्याच झाडांनी झाली होती.